तिथी, भरती आणि मेहुणा

समुद्रकाठचा रस्ता सपाट असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी कोकण फक्त नकाशात पाहिलेलं असतं. माझ्या मेहुण्याने नकाशाही उभ्या उभ्याच पाहिला होता. "भाऊजी, नेरूळ ते वेंगुर्ला. उजवीकडे समुद्र ठेवायचा आणि सायकल हाणायची," एवढ्या दोन वाक्यांत त्याने सहल आखून टाकली.

मूळ भानगड अशी की मी सायकल चालवतो ती थांबण्यासाठी आणि तो चालवतो ती न थांबण्यासाठी. त्याच्या मनगटावरच्या घड्याळात सरासरी वेग दिसतो, आणि तो पडला की याचं तोंडही पडतं. रंगीत तालीम म्हणून आम्ही एका रविवारी पाम बीच रोडला गेलो. टी. एस. चाणक्य या नौवहन संस्थेच्या बाजूच्या पाणथळीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरले होते, म्हणून मीही उतरलो. तो बेलापूरला जाऊन परत आला, तेव्हा मी शेकाट्यांपर्यंत पोचलो होतो. तो पुन्हा बेलापूरला गेला. परत आला तर मी चिखलातल्या एका तुतवाराकडे डोळे लावून बसलेलो. तुतवार ही जमात पक्षीनिरीक्षकांची परीक्षा घ्यायला जन्माला आलीय. सगळे करडे, सगळे चोच खुपसून उभे, आणि ओळख पटवायची ती शेपटीजवळच्या पांढऱ्यावरून, जे उडाल्याशिवाय दिसत नाही.

"झालं?"

"हिरवा की ठिपकेवाला, एवढंच बघतो."

"भाऊजी, कोणताही असो, आपण त्याचं काय करणार आहोत?"

याला उत्तर नाही. पक्षी बघणाऱ्याला हा प्रश्न विचारायचा नसतो, हे सासरच्या माणसांना कोण सांगणार?

मग वजनाचा तंटा. त्याने सामान हलकं करायचं ठरवलं आणि सगळ्या पिशव्या सोसायटीच्या गेटवरच्या रद्दीवाल्याकडे नेल्या. एकेक वस्तू तागडीत पडू लागली. त्याच्या दोन ट्यूब, पंप, पाने, सुके खजूर या सगळ्यांपेक्षा माझा ट्रायपॉड जड भरला. मेहुणा काही बोलला नाही, नुसता पारड्याकडे बघत राहिला. रद्दीवाल्याने ट्रायपॉड उलटसुलट करून ॲल्युमिनियमचा भाव सांगितला. तो ऐकून माझ्या बायकोने, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीने, "बघा, चांगला देतोय," असं म्हटलं.

मार्गावर मात्र एकमत होतं. पनवेल-वडखळच्या हायवेवर कंटेनर शेजारून गेला की गळ्यातली दुर्बीण पाठीवर जाते. त्यापेक्षा उरणमार्गे करंजा, तिथून लाँचमध्ये सायकली चढवून रेवस, मग अलिबाग, रेवदंडा, काशीद, फणसाडचं जंगल, मुरूड, आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, बागमांडल्याला पुन्हा बोट. वेळापत्रक करायला बसलो आणि तिथे घोडं अडलं.

अडवलं भरतीने. किनाऱ्याचे पक्षी बघायचे तर पाणी चढत असताना. ओहोटीला ते मैलभर चिखलात पांगतात, भरती त्यांना ढकलत आपल्या पुढ्यात आणते. मेहुण्याला दिवेआगरच्या पुळणीवर सायकल चालवायची होती, आणि त्यासाठी ओहोटीच हवी, ओली वाळू घट्ट असते तेव्हाच चाक रुतत नाही. लाँचचं तिसरंच. मोठ्या ओहोटीला रेवसला गाळ उघडा पडतो आणि ती खोळंबते. त्यात भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणजे सोमवारी जमलेलं गुरुवारी फिसकटतं. आणि सोमवार-गुरुवार तर मेहुणा पाळतो! त्या दिवशी कोकणात असायचं आणि पापलेटकडे बघून वरणभात जेवायचा, हे त्याला मंजूर नव्हतं. मी म्हटलं, पाळू नकोस. त्यावर सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषय समुद्री गरुडाकडे वळवला.

मेहुण्याने भरती-ओहोटीचं ॲप उतरवून घेतलं आणि सगळं एका तक्त्यात भरलं. तेवढ्यात खुर्चीत पेपर वाचणारे अप्पा, म्हणजे माझे सासरे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "निघताय त्या दिवशी षष्ठी ना? मग साडेचारला पूर्ण भरती."

अप्पांचं बालपण श्रीवर्धनचं. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. सहा पाऊणे साडेचार. अष्टमीला सहा. हा हिशोब कोळीवाड्यातल्या पोरांनाही येतो. ॲपचा काटा अप्पांच्या जवळपासच थांबला होता. मेहुण्याने फोन खिशात घातला.

"आणि सडे, ही कातळाची पठारं, लक्षात घेतलीत का जावईबापू? प्रत्येक खाडीला उतरायचं, बोटीने पलीकडे जायचं आणि पुन्हा चढायचं. त्या चढांवर सायकल हातात धरूनच न्यावी लागते."

हे ऐकून मेहुणा खचला आणि मी खुललो. सड्यावर टिटवी असते, चंडोल असतो, आणि चढावर धापा टाकत ढकलणाऱ्या माणसाला घड्याळातली सरासरी कोणी दाखवत नाही. ट्रायपॉड नेण्यावर तिथल्या तिथे तडजोड झाली. चढावर तो माझ्या सायकलवर, उतारावर त्याच्या.

अप्पांनी मुक्कामाची व्यवस्था स्वतःकडे घेतली आणि लगेच श्रीवर्धनला चुलतभावाला फोन लावला. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती.

"दोन माणसं येतायत जेवायला... नाही रे, सायकलने... आहे की, गाडी आहे दोघांकडे... पक्षी बघत बघत... नाही, मारत नाहीत, नुसते बघतात... अरे नाही नाही, नोकरी आहे दोघांनाही!"