4096 रंगांचा हिशेब आणि रंगीत ई-पेपर

लातूरच्या नीटवाल्या पोरांच्या आणि पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “रंगीत ई-पेपरच्या रीडरवर पैसे घालू नका. 2010 मध्ये 4096 रंग होते, आजही तेवढेच. रंग फिक्के, व्हिडिओ चालत नाही, लाइट लावली की मोबाइलच. त्यापेक्षा टॅबलेट घ्या, डार्क मोड ठेवा.”

इथे ई-पेपर म्हणजे वर्तमानपत्राची ऑनलाइन आवृत्ती नव्हे, तर कागदासारखा बाहेरच्या उजेडात दिसणारा स्क्रीन; रीडर म्हणजे त्यावर पुस्तकं वाचायचं यंत्र. जाळीच्या स्क्रीनपुरता आकडा बरोबर आहे, निष्कर्ष साफ चुकीचा. असे स्क्रीन बनवणाऱ्या ई इंक कंपनीचा 2010 चा ट्रायटन स्क्रीन घ्या किंवा 2022 चा कॅलिडो 3, दोन्हींत खाली काळी-पांढरी शाई आणि वर लाल, हिरव्या, निळ्या रंगांची बारीक जाळी. शाईला करड्याच्या 16 छटा येतात. तीन रंगांसाठी 16 गुणिले 16 गुणिले 16, झाले 4096. हा गुणाकार बदलणार कसा? बदलली ती जाळी. ट्रायटनमध्ये ती वेगळ्या काचेवर असायची. कॅलिडोमध्ये शाईच्या थराला अगदी लागून छापतात, म्हणून प्रकाश कमी वाया जातो. कॅलिडो 3 वर रंग 150 पीपीआयने (म्हणजे इंचाला 150 ठिपके) दिसतात, पण काळा मजकूर 300 ने. मराठी वाचणाऱ्याला हे फार मोलाचं आहे, कारण बारीक टायपातही रफार आणि जोडाक्षरं स्वच्छ उमटतात.

शिवाय ई इंकच्याच गॅलरी 3 या दुसऱ्या स्क्रीनमध्ये जाळीच नाही. पांढरे, पिवळे, निळसर आणि किरमिजी कण खालीवर सरकून जागेवरच रंग तयार करतात, 50,000 हून जास्त. 2024 चा रिमार्केबल पेपर प्रो हा ई-पेपरचा टॅबलेट याच तंत्रावर आहे. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

रंग फिक्के, हे मान्य. जाळीचा प्रत्येक तुकडा आपल्या रंगाचा प्रकाश सोडतो आणि बाकीचा गिळतो, त्यामुळे पांढरं पानही करडं वाटतं. संध्याकाळी घरात हे जाणवतंच. पण एप्रिलच्या दुपारी ओसरीवर बसून हृदयाची आकृती उघडा: रोहिणी लाल, नीला निळी, खालची बारीक नावंसुद्धा वाचता येतात. ऊन जितकं कडक तितकं पान उजळ. तिथेच डार्क मोडचा टॅबलेट धरला तर काळ्या काचेत आपलंच तोंड दिसतं. आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने असं ऊन असतं, आणि पोरं काही सगळी एसीच्या अभ्यासिकेत बसत नाहीत.

लाइटचं म्हणाल तर मोबाइलचा उजेड स्क्रीनमधून थेट डोळ्यांवर येतो. रीडरचे दिवे कडेला असतात, उजेड पानावर पडून परततो, आणि दिवसा ते बंदच ठेवता येतात. उमटलेलं पान टिकवायला स्क्रीनला वीज लागत नाही, फक्त पान बदलताना लागते. भारनियमनाच्या गावात याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

व्हिडिओ नीट चालत नाही, हेही मान्य. गॅलरी 3 ला सर्वोत्तम रंग उमटवायला दीड सेकंद लागतो. लेक्चर बघायचं असेल तर टॅबलेटच घ्या. किंमतही जास्त आहे, आणि मेसेजने सांगायला हवी होती ती हीच अडचण. घ्यायचा विचार असेल तर दुकानदाराला दिवे बंद करायला सांगा, रीडर दाराबाहेर उन्हात न्या आणि आपल्याच पुस्तकाची पीडीएफ उघडून बघा.