पेनीवरचा चेहरा कोणाचा?

मध्ययुगीन इंग्लंडच्या, हातोड्याने ठोकून पाडलेल्या चांदीच्या नाण्यांविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर बराच फिरतो आहे. पेनीवरचे नाव व चेहरा पाहिला की ती कोणत्या राजाची ते कळते, मागचा क्रूस नाणे चार तुकड्यांत कापता यावे म्हणून असे आणि लिलीचे फूल म्हणजे फ्रान्सच्या गादीवरचा दावा, असे त्यात ठामपणे म्हटले आहे.

पहिले विधान सर्वांत ठिसूळ आहे. दुसऱ्या हेन्रीने ११८० मध्ये सुरू केलेल्या आखूड क्रूसाच्या पेनीवर ‘हेन्रिकस रेक्स’ अशी अक्षरे आहेत. पुढे रिचर्ड आणि जॉन गादीवर आले, तरी इंग्लंडच्या टांकसाळींनी तेच नाव १२४७ पर्यंत चालू ठेवले. जॉनला स्वतःचे नाव वर्ज्य होते असेही नाही, कारण आयर्लंडसाठी पाडलेल्या नाण्यांवर ते आहे. चेहऱ्याची गोष्टही तीच. पहिल्या एडवर्डची १२७९ नंतरची पेनी भिंगाखाली धरावी: समोर पाहणारा दाढीविरहित चेहरा, दोन्ही कानांवर कुरळ्या केसांचे झुबके, वर मुकुट. पुढच्या दोन एडवर्डांच्या नाण्यांवरही जवळपास हाच चेहरा आहे आणि नावापुढे क्रमांक नाही, म्हणून अभ्यासकांना मुकुटाची ठेवण आणि अक्षरांची वळणे तपासत बसावे लागते. ओळखू येईल असे व्यक्तिचित्र सातव्या हेन्रीच्या अखेरच्या वर्षांत आले, आणि आठव्या हेन्रीने सुरुवातीची कित्येक वर्षे क्रमांक तेवढा बदलून वडिलांचाच चेहरा वापरला!

क्रूसाबाबतच्या विधानात अर्धे सत्य आहे. पेनी कापून अर्धी व पाव करीत आणि क्रूसाच्या रेषा त्या कामी येत, हे खरे. मात्र १२४७ मध्ये क्रूसाचे हात थेट कडेपर्यंत नेले, ते कडा कातरून चांदी चोरणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. हातांची टोके दिसेनाशी झाली की नाणे कातरल्याचे उघड होई. शिवाय १२७९ च्या सुधारणेत अर्ध्या पेनीची आणि फार्दिंगची, म्हणजे पाव पेनीची, स्वतंत्र गोल नाणी निघाली व कापण्याची गरजच संपली, तरीही त्या चिमुकल्या फार्दिंगवरसुद्धा लांब क्रूस आहेच. फार्दिंगचे चार तुकडे कोण करणार होते?

राहिली लिली. तिसऱ्या एडवर्डने फ्रान्सच्या राजपदावर १३४० मध्ये उघड दावा सांगितला; पण त्याच्या आजोबांच्या, म्हणजे पहिल्या एडवर्डच्या, पेनीवरील मुकुटालाही लिलीची टोके आहेत. नोबल या सोन्याच्या नाण्यावर राजाच्या ढालीत दिसणारी लिली फ्रान्सचीच, यात वाद नाही. चांदीच्या ग्रोटवर, म्हणजे चार पेनींच्या नाण्यावर, मात्र तो दावा कडेच्या अक्षरांत वाचावा लागतो: इंग्लंड आणि फ्रान्समधील १३६० च्या ब्रेतिन्यी तहानंतर तेथून फ्रान्सचे नाव गेले आणि आक्विटेन या नैऋत्य फ्रान्समधील प्रांताचे आले, मुकुटावरची लिली मात्र होती तिथेच राहिली.