पोलीस महासंचालकांचा पगार सांगता, तर बंगल्याचीही किंमत सांगा

आयपीएसला पगार किती, असं कुणी विचारलं की लोक हमखास २ लाख २५ हजारांचा आकडा सांगतात. तो राज्याच्या पोलीस दलप्रमुख असलेल्या महासंचालकाचा, म्हणजे अख्ख्या राज्यात एकाच अधिकाऱ्याचा. बाकीच्यांचं काय?

सुरुवात दरमहा ५६,१०० रुपयांपासून. एसपी (पोलीस अधीक्षक) ७८,८००, डीआयजी (उपमहानिरीक्षक) १,३१,१००, आयजी (महानिरीक्षक) १,४४,२००, एडीजी (अपर महासंचालक) १,८२,२००. ही सातव्या वेतन आयोगाची, त्या त्या लेव्हलची, म्हणजे वेतनश्रेणीची, सुरुवातीची मूळ वेतनं. महागाई भत्ता वेगळा.

पण आयोगाचा वेतन तक्ता शेवटपर्यंत वाचा. आयजीच्या लेव्हल १४ चा कमाल आकडा २,१८,२०० आहे. दरवर्षीची ३ टक्के वेतनवाढ घेत कुणी तिथवर पोचलाच, तर त्याच्यात आणि दलप्रमुखात मूळ वेतनाचा फरक उरतो ६,८०० रुपयांचा! प्रमुखाला तर वेतनवाढही नाही, त्याचा आकडा ठरलेला.

म्हणजे वरच्या पदांमधला खरा फरक पगारात नाहीच. अधिकार तर आहेतच, शिवाय बंगला, गाडी, चालक आणि ऑर्डर्ली, म्हणजे साहेबांच्या दिमतीला दिलेला पोलीस शिपाई. यातलं काहीच पगाराच्या स्लिपवर येत नाही. गाडीचा हिशोब तरी सरकारने केलाय: लेव्हल १४ आणि वरच्या, सरकारी गाडीचा हक्क असलेल्या अधिकाऱ्याला गाडीऐवजी दरमहा १५,७५० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता घेता येतो. मग बंगल्याचा आणि ऑर्डर्लीचा हिशोब का नको? ऑर्डर्ली म्हणजे खरं तर पोलीस ठाण्यात हवा असलेला, जनतेच्या पैशातून प्रशिक्षण दिलेला माणूस.

सरकारी घर घेतलं की घरभाडे भत्ता बंद, हा नियम साहेबांना आहे तसा शिपायालाही आहे. महाराष्ट्रात त्याचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत पोलिसांची कुटुंबंच्या कुटुंबं राहिली. भत्ता सोडून साहेबाला बंगला मिळतो, शिपायाला ती खोली. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

अधिकाऱ्यांचा पगार जास्त आहे असं मी अजिबात म्हणत नाही. अख्ख्या जिल्ह्याची कायदा-सुव्यवस्था ज्याच्या डोक्यावर, त्या एसपीला ७८,८०० मला कमीच वाटतात. आता आठवा वेतन आयोग नेमला गेलाय. त्याने नवे आकडे जरूर द्यावेत, पण प्रत्येक पदापुढे निवास, वाहन आणि मनुष्यबळ यांचा दरमहा खर्चही छापावा. शिपायापासून महासंचालकांपर्यंत, एकाच तक्त्यात.