बांधावरचा खून : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात बांधावरून झालेल्या खुनावर मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली : "खुन्याची वकिली करू नका. भांडणं घरोघरी असतात, सगळे कोयता उचलत नाहीत. फाशी द्या, विषय संपवा."

एक गोष्ट तुम्ही बरोबर पकडलीत. मारणाऱ्याचं कर्ज, दारू यावर मी भरभरून लिहिलं आणि गेलेल्या माणसाला दोन ओळी दिल्या. चूक माझी आहे.

फाशीचं म्हणाल, तर खुनाला फाशी किंवा जन्मठेप कायद्यात त्या दिवशीही होतीच. तरी हात थांबला नाही. 2022 मध्ये देशात खुनाचे 28,522 गुन्हे नोंदले गेले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने त्यातल्या 9,962 गुन्ह्यांचं कारण 'वाद' असं दिलंय, आर्थिक लाभासाठीचे 1,884. पैशासाठी जीव घेतला जातो त्याच्या पाचपट भांडणातून.

आणि भांडण एका दिवसात खुनापर्यंत जात नाही. उतारा अजून आजोबांच्या नावावर, वाटण्या तोंडी झालेल्या, पोटहिस्से कागदावर नाहीत. दर नांगरटीला बांध चार बोटं सरकतो. मोजणीचा अर्ज पडून, दाव्याला तारखांवर तारखा. एवढ्या वर्षांत दोघांना समोरासमोर बसवणारं कुणी पुढे आलं नाही. "बांगड्या भर की मग" म्हणणारे मात्र पारावर रोज भेटत होते. कोयता ज्याने उचलला त्यालाच शिक्षा व्हावी, याबद्दल माझं दुमत नाही. पण पारावरच्यांची नावं आरोपपत्रात येत नाहीत, म्हणून ती मला लेखात आणावी लागतात.

आता त्या बाईचं, जे मी आधीच लिहायला हवं होतं. नवरा गेला. आरोपपत्र कन्नडमध्ये आहे, तिचं शिक्षण मराठी चौथी. सांगतील तिथे सही करते. पीडितांच्या कुटुंबाला भरपाईची तरतूद 2009 पासून कायद्यात आहे, आज ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे खटले चालवण्याच्या नव्या कायद्याच्या, कलम 396 मध्ये आहे. आरोपी सुटला तरी मदत मिळू शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकाराकडे अर्ज करता येतो, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तिकडे आरोपीच्या बायकोची हिंडलग्याच्या तुरुंगाकडे फेरी चुकत नाही, त्या दिवसाची मजुरी बुडते.

दोघींची विहीर एकच आहे. एक पहाटे पाणी नेते, दुसरी उन्हं चढल्यावर. बांधाची मोजणी अजून झालेली नाही, आणि गेलेल्याचा मुलगा आता 17 वर्षांचा आहे. पारावर बसायला लागलाय.