दरजेत सिमेंट भरणाऱ्यांनो, हात आवरा

शिवडीत आज एका जुन्या दगडी गोदामाची भिंत बघितली आणि डोकंच फिरलं. काळ्या दगडाच्या दरजा, म्हणजे दोन दगडांमधल्या फटी, ग्राइंडरने उकरून त्यांत सिमेंट कोंबलंय, वर दोरीसारखी जाड रेघ काढून. 'हेरिटेज लूक' म्हणे!

अरे, काळा दगड पाणी पीतच नाही फारसं. भिंतीत मुरलेलं पाणी बाहेर पडतं ते दरजेतल्या चुन्यातून. तिथेच बूच मारलंत की ते आतल्या गिलाव्याकडे वळणार. त्यात ही खाडीची हवा. पाणी सुकतं, मीठ गिलाव्यात राहतं, त्याचे खडे वाढतात आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. मग त्यावर वॉटरप्रूफ रंग. म्हणजे आतूनही बूच!

दरज छिन्नीने, हातानेच, रुंदीच्या दुप्पट खोल साफ करायची. ग्राइंडर लावला की दगडाची कड गेलीच. धूळ काढून भिंत नीट भिजवायची. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली भरड वाळू, आणि थोडी सुरखी, म्हणजे विटांची पूड, हवीच. नुसता चुना दमट हवेत लवकर धरत नाही. दाबून भरायचं, कडेच्या किंचित आत. मग आठवडाभर ओलं गोणपाट. त्या गोदामावर सिमेंट भर उन्हात उघडं सोडलं होतं, गोणपाटाचा पत्ता नाही.

चुन्याला वेळ लागतो, जाणते गवंडी मिळत नाहीत. बरं, मान्य.

पण चुन्यातलाच शिवडीचा किल्ला १६८० चा. कैदी ठेवून झाले, पोर्ट ट्रस्टने गोदाम केलं, तरी उभा आहे बिचारा.

आणि सिमेंटशी माझं वैर नाही. १९२० च्या दशकातल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी, शिवडीत त्यांच्या १२ इमारती, काँक्रीटच्याच. १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांत गोदी-गिरण्यांतल्या पिढ्या वाढल्या. तिथलं दुखणं निराळं: खारी हवा लागून सळई गंजते, फुगते, वरचं काँक्रीट फोडते. सळईच्या मागपर्यंत तोडून गंज घासला नाही, नुसतं प्लास्टर थापलं, तर पुढच्या पावसाळ्यात तेच प्लास्टर कुणाच्या तरी डोक्यात.

त्या गोदामाचं सिमेंट अजून कोवळं आहे. आज-उद्या खरवडलं तर निघेल. महिन्याने काढायला गेलात तर उरलीसुरली कडही सोबत घेऊन येईल.