कॉंकचे चर्च दारावरून पाहून परत फिरू नये

दक्षिण फ्रान्समधील कॉंक या डोंगरी गावातल्या सेंत-फ्वा चर्चची जी छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरतात, ती बहुतेक पश्चिम दारावरील अंतिम न्यायाच्या शिल्पपटाची असतात. बाराव्या शतकाच्या आरंभीच्या या पटात १२४ आकृती आहेत आणि तो अप्रतिम आहे, याविषयी वाद नाही. तरीही रोमनेस्क, म्हणजे युरोपातील अकराव्या-बाराव्या शतकांच्या जाड भिंती आणि अर्धवर्तुळाकार कमानींच्या, स्थापत्याचे खरे कसब त्या दाराच्या आत आहे, असे माझे मत आहे.

या वास्तूची सुरुवात चोरीतून झाली. नवव्या शतकात कॉंकच्या एका मठवासीयाने आझाँ येथे काही वर्षे राहून विश्वास संपादन केला आणि तेथून फ्वा या हुतात्मा मुलीच्या अस्थी पळवून आणल्या. संतालाच स्थलांतर हवे होते, असा युक्तिवाद अशा चोऱ्यांबाबत त्या काळी केला जात असे. तो किती सोयीचा होता हे सांगायला नको! अस्थींमागोमाग यात्रेकरू आले, फ्रान्समधील ल प्युईहून स्पेनमधील सांतियागो या तीर्थक्षेत्राला जाणारी वाट येथून जाऊ लागली, आणि अकराव्या शतकाच्या मध्यास मठाधिपती ओदोल्रिक यांनी नव्या चर्चचे काम सुरू केले.

ते गर्दीचा विचार करूनच रचलेले आहे. यात्रेकरूने बाजूच्या दालनातून शिरावे, वेदीच्या मागून वळसा घालावा आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडावे, म्हणजे मठवासीयांच्या प्रार्थनेत खंड पडत नाही. आपण याला निःसंकोच प्रदक्षिणामार्ग म्हणू शकतो. मध्यदालनाचे अर्धवर्तुळाकार दगडी छत सुमारे २२ मीटर उंच असून त्याचा भार भिंतींना बाहेर रेटतो. पुढच्या काळातील गॉथिक शैलीच्या चर्चप्रमाणे येथे बाहेरून अधांतरी कमानींचे टेकू दिलेले नाहीत. बाजूच्या दालनांवरील सज्ज्यांची पाव वर्तुळाच्या आकाराची छतेच तो रेटा पेलतात. या सोयीची किंमत म्हणजे मध्यदालनाला वरून थेट उजेड मिळत नाही, तो सज्ज्यांतून आणि बाजूच्या दालनांतून झिरपत येतो.

म्हणूनच जवळच्याच रोदेझ शहरात जन्मलेले चित्रकार पिएर सुलाज यांनी १९८७ ते १९९४ या काळात केलेल्या १०४ खिडक्या मला योग्य वाटतात. त्यांनी संतांची रंगीत चित्रे टाळून बिनरंगी, धूसर काच वापरली. चुनखडीचा पिवळा, वालुकाश्माचा तांबूस आणि शिस्ट खडकाचा निळसर करडा असे रंग येथे मुळातच आहेत. रंगीत काचेने ते झाकले गेले असते.