ताप फॅरनहाइटमध्ये, ऊन सेल्सिअसमध्ये

शिकागोची ताई आज सकाळी फॅमिली ग्रुपवर लिहिते, "इकडे 20 आहे, बोटं बधिर झाली बर्फ काढून काढून", तर दादाचा लगेच रिप्लाय, "20 ला थंडी? आमचा एसी 20 वर असतो." खाली हसऱ्या इमोजींची रांग. अरे ते फॅरनहाइट आहे बाबांनो, आपल्याकडचं उणे सहा-सात! मग दुसऱ्याचं सुरू, अमेरिकन लोक येडेच, पाणी म्हणे 32 ला गोठतं.

आणि ह्याच दादाच्या पोराला परवा ताप होता तेव्हा ह्याच ग्रुपवर मेसेज होता, "101 आहे, औषध दिलंय." सेल्सिअसवाले ना तुम्ही? मग पोरगं काय उकळत होतं का??

आपण सगळे असेच आहोत. अकोल्यात 44 म्हटलं की इथं पुण्यात बसून टाळू तापते, आणि 102 म्हटलं की हात आपोआप मिठाच्या पाण्याच्या पट्ट्यांकडे जातो. उलटं करून सांगा, अकोल्यात 111, कुणाला घाम पण फुटणार नाही.

गेल्या पावसाळ्यात आईला ताप आला तेव्हा दादानंच ऑनलाइन थर्मामीटर मागवला होता, तो निघाला सेल्सिअसचा. 38.9 आलं. हा म्हणतो, "अडतीसच तर आहे, झोप आई." ती दोन गोधड्यांखाली कुडकुडतेय, दात वाजतायत, आणि हा स्क्रीन दाखवतोय. शेजारच्या काकूंनी मानेला उलटा हात लावला आणि ओरडल्याच, "अहो चांगला शंभरच्या वर आहे, रिक्षा बोलवा!" 38.9 म्हणजे 102 झाले. आता तोच माणूस ताईला हसतो.

ठीक आहे, शाळेत, लॅबमध्ये सेल्सिअस सोपं पडतं, मान्य. पण ते काय आभाळातून पडलेलं नाही, खुद्द सेल्सिअसनं 1742 मध्ये पाणी 0 ला उकळतं आणि 100 ला गोठतं असं उलटं मांडलं होतं, नंतर लोकांनी फिरवून घेतलं.

खरं सांगू, राग आकड्यांचा नाहीच. आईला काय होतंय ते कुणी विचारलं नाही, आज ताईची बोटं कशी आहेत तेही नाही. एकटी राहते ती तिकडे, सकाळी उठून गाडीवरचा बर्फ स्वतः खरवडते, म्हणून लिहिलं असेल बिचारीनं.

आणि ज्यांना भांडायचंच आहे त्यांनी उणे 40 च्या गावाला जा. तिथं दोन्हींचा आकडा एकच येतो.